बेंबीभोवती चार

काचेच्या कपाटात सात सळया होत्या. चार सरळ, दोन टोकाशी काटकोनात वाकवलेल्या आणि एक अशी, जिचं टोक ठोकून नाण्याएवढं चपटं केलं होतं. पाचांना लाकडी मुठी होत्या, दोन तशाच. त्यांच्याशेजारी मातीची शेगडी, शेगडीत तीन कोळसे, आणि शेगडीला पाय लागतील इतक्या जवळ पाठीवर निजवलेली एक कापडी बाहुली. बाहुली साधारण चाळीस सेंटिमीटर लांब असावी. तिच्या अंगावर लाल दोऱ्याच्या नऊ गाठी मारल्या होत्या. एक टाळूवर, दोन कानशिलांवर, दोन टाचांवर आणि चार बेंबीभोवती. बेंबी काळ्या दोऱ्याची होती. मी हे सगळं मोजलं ते काही विशेष कारणानं नाही. दिवसभर मी लोकांच्या रक्तातल्या गोष्टी मोजते, सुट्टीच्या दिवशीही ते थांबत नाही. पोटावरच्या चार गाठी वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे होत्या, बेंबीपासून सारख्या अंतरावर. शिवणाऱ्या बाईनं बहुधा मोजून मारल्या असाव्यात. मी पुन्हा एकदा मोजल्या आणि मग माझा हात कुर्त्यावरून माझ्या पोटावर गेला.

कुवेतच्या फैलका बेटावरचं हे लोकजीवनाचं संग्रहालय म्हणजे अंगणाभोवती सहा-सात खोल्या. बोटीनं तासाभराचा प्रवास करून आम्ही सकाळी इथं आलो होतो. माझ्या नवऱ्याच्या, सलीलच्या कंपनीतल्या कुणीतरी तिकिटं दिली होती आणि गुरुवारी आई कायमची परत जाणार होती, म्हणून एक सहल. अठ्ठावीस वर्षं कुवेतमध्ये नर्स म्हणून काढून आईनं हे बेट पाहिलं नव्हतं. आधी ग्रीकांच्या देवळाचे दगड पाहिले. कधीकाळी ग्रीक सैनिक इथं आले, त्यांना त्यांच्या घराकडच्या बेटाची आठवण झाली आणि त्यांनी ह्या वाळूला त्याच बेटाचं नाव दिलं, इकारोस. परमुलखात गेल्यावर माणसं हेच करतात. इथल्या खैतान वस्तीतल्या आईच्या खोलीत पाण्याच्या पिंपालाही 'आड' म्हणायचे. बेटावर आता कुणी राहत नाही. आखाती युद्धात सगळ्यांना मुख्य भूमीवर हलवलं, ते परत आलेच नाहीत. गोळ्यांनी चाळणी झालेली घरं तशीच उभी आहेत. माणसं गेली आणि त्यांची दळायची जाती, पाळणे, ताटल्या, सळया तेवढ्या काचेमागे राहिल्या. संग्रहालय बहुधा असंच तयार होत असावं. वापरणारी माणसं आधी काढून घ्यावी लागतात.

माझ्या पोटावर चार डाग आहेत. लहानपणापासून मला त्यांची गोष्ट ठाऊक होती. मी रांगत होते, आई चहा गाळत होती, मी तिचा पदर ओढला आणि कप कलंडला. ही गोष्ट मी शाळेत पोहण्याच्या तासाला मैत्रिणींना सांगितली. लग्नानंतर सलीलला सांगितली, तो म्हणाला, "चहा नशिबात नाही म्हणून कॉफी पितेस होय!" गेल्या वर्षी सोनोग्राफीच्या टेबलावर डॉक्टरनं विचारलं तेव्हा तिलाही हेच सांगितलं, इंग्रजीत, न अडखळता. वीणा पोटात वाढत होती तसे ते डाग एकमेकांपासून लांब सरकत गेले. विश्व प्रसरण पावतं म्हणजे काय हे शिकवताना आमचे सर फुग्यावर पेनानं ठिपके काढून फुगा फुगवायचे, तसं. मी आरशासमोर उभी राहून ते बघायचे, मला गंमत वाटायची. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. द्रव पदार्थ सांडला तर कसा पसरतो, उताराच्या दिशेनं कसा ओघळतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सांडलेला चहा चार समान गोलांत पडत नाही. इतक्या वर्षांत हा साधा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. ज्या गोष्टी आपल्याला आई सांगते त्या आपण तपासायला घेत नाही एवढाच त्याचा अर्थ असेल, पण त्या काचेसमोर मला माझी लाज वाटली, आणि लाजेच्या खाली दुसरं काहीतरी हळूहळू गरम व्हायला लागलं.

"ही कावीळ," आम्हाला संग्रहालय दाखवणारी असमा एकेका गाठीकडे बोट करत सांगत होती. ती विद्यापीठात शिकणारी मुलगी होती, काळ्या अबायाखाली पांढरे बूट, सुट्टीच्या दिवशी हौसेनं हे काम करणारी. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. "ही डोकेदुखी. ही कंबर. आणि पोटावरच्या ह्या चार, लहान मुलांना धाप लागली की. सळई तापवून डाग द्यायचे. पूर्वी इथं डॉक्टर कुठं होता? माझ्या आजीच्या टाचेवर आहे असा डाग. ती सगळ्यांना दाखवते, मेडल असल्यासारखा." ती हसली. मग सहज, पाहुण्यांना विचारावं तसं तिनं आईला विचारलं, "तुमच्याकडे इंडियात असतं का असं काही?"

"ला, ला," आई म्हणाली. नाही, नाही, अरबीत. इतक्या घाईनं की असमाचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. आईला अरबी येतं ते वॉर्डापुरतं. कुठं दुखतं, श्वास घे, रडू नको, आई येईल. तिनं वीणाला छातीशी धरलं होतं आणि ती तिचं टोपडं सारखं करत होती. टोपडं सारखंच होतं.

पुढच्या खोलीत मोती काढणाऱ्यांच्या बोटींची चित्रं होती. पुरुष महिनोन्महिने समुद्रावर असायचे, असमा सांगत होती, आणि परतायला उशीर झाला की बायका किनाऱ्यावर जमून तापलेली सळई पाण्यात बुडवायच्या. समुद्राला डाग. त्यानं घाबरून माणसं परत द्यावीत म्हणून.

"समुद्रालाच चटका!" सलील म्हणाला. "मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत आमच्या शिफ्ट इन्चार्जला द्यायला हवा असा एक. रजा लगेच मंजूर होईल."

आई हसली. गरजेपेक्षा जास्त हसली. तिच्या हसण्यानं वीणा जागी झाली आणि रडू लागली. आई म्हणाली, "भूक लागली लेकराला, चल, बाहेर पाज तिला," आणि माझ्याआधी दारातून बाहेर पडली. ती माझ्याबरोबर एकटी राहायला निघाली होती की माझ्यापासून पळत होती, हे मला ठरवता आलं नाही. सलील आत असमाला बोटींच्या लाकडाबद्दल विचारत राहिला. कुठल्याही गोष्टीचं लाकूड कुठलं हे त्याला कळावं लागतं.

अंगणात एका भिंतीला सावली होती. मी ओढणीखाली वीणाला घेतलं. एका आठवड्यापासून आम्ही तिला बाटलीची सवय लावत होतो, दिवसातून दोनदा, मग तीनदा. गुरुवारपर्यंत पूर्ण बाटलीवर. माझी रजा संपत आली होती, रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मला लॅबमध्ये हजर व्हायचं होतं, सलीलच्या शिफ्ट बदलत्या. महबूल्यात आमच्या इमारतीत तळमजल्याला एक पाळणाघर आहे, तिथं एका खोलीत चौदा मुलं आणि एक चालू टीव्ही पाहून मी परत आले होते. आई निवृत्त होऊन उदगीरला जाणार, वीणाला बरोबर नेणार, दोन-अडीच वर्षांनी आम्ही तिला परत आणणार. ह्यात कुणालाही काही विचित्र वाटलं नव्हतं. आमच्या लॅबमध्ये प्रत्येकीच्या फोनच्या पडद्यावर एक बाळ आहे आणि ते बाळ कोट्टयमला असतं, मनिलाला असतं, नागपूरला असतं. सकाळी मशीन सुरू होईपर्यंत सगळ्या जणी आपापल्या पडद्याशी बोबडं बोलतात. मी स्वतः तसल्याच एका पडद्याच्या पलीकडे वाढले, फक्त तेव्हा पडदा नव्हता, एस.टी.डी. बूथ होता, आणि बाबा मला उचलून रिसीव्हर माझ्या कानाला लावायचे. आई सहा वर्षांनी मला इथं घेऊन आली तेव्हा विमानतळावर मी तिला आवाजावरून ओळखलं.

"आई," मी म्हणाले, "चहा सांडला तेव्हा मी केवढी होते?"

"कोणता चहा?"

"पोटावरचा."

आईनं पर्समधून रुमाल काढला. "असशील सात-आठ महिन्यांची. रांगायलीस की तेव्हा."

"मी चार महिन्यांची असताना तू इथं आलीस."

अंगणात एक मांजर होतं. ते उन्हातून सावलीत आलं, आमच्याकडे बघून पुन्हा उन्हात गेलं.

"कशाला उकरायलीस," ती म्हणाली. "झालं ते झालं. दिसतंय का कुणाला? कपड्याच्या आत हाय."

"कुणी दिला डाग?"

"ती एक बाई होती वेशीपाशी. सगळ्यांच्या लेकरांना तीच द्यायची. विळ्याचं टोक तापवून." मग, जणू मला बरं वाटावं म्हणून, "हात हलका होता म्हणे तिचा."

नंतर तिनं सगळं सांगितलं. मी विचारत होते आणि ती उत्तरं देत होती, पेशंटची हिस्टरी घेतात तसं, फक्त आज खुर्च्यांची अदलाबदल झाली होती. मला डबा झाला होता, म्हणजे न्यूमोनिया. पोट उडत होतं, दूध ओढत नव्हते. बाबांनी बूथवरून फोन केला. नर्सेसच्या होस्टेलमध्ये कॉरिडॉरला एक फोन होता आणि आईच्या मागं चार मुली उभ्या होत्या. आई तेव्हा मुलांच्या वॉर्डात होती. त्याच दिवशी सकाळपासून तिच्या हाताखाली एक बाळ ऑक्सिजनवर होतं, माझ्याच वयाचं, माझ्याच दुखण्याचं, आणि संध्याकाळपर्यंत ते गुलाबी होऊन दूध प्यायला लागलं होतं. बाबा फोनवर म्हणाले, माझी आई म्हणते डाग देऊ, रस्त्यात लेकरू टिकणार नाही, लातूर लांब आहे. तू नर्स आहेस, तू सांग. काय करू?

"मग?"

"आधी मी म्हणाले, लातूरला न्या. ते म्हणाले, आई ऐकेना. मागून सासूबाई ओरडायल्या होत्या, मला ऐकू येत होतं. मग मी म्हणाले, द्या."

"तुला माहीत होतं काय करायचं ते."

"हो की."

"मग?"

आईनं रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मी नको म्हणाले असते आणि तुला काही झालं असतं, तर ते माझ्यावर आलं असतं. नोकरीसाठी लेकरू टाकून गेली आणि तिकडं बसून औषधही करू दिलं नाही. जन्मभर ऐकवलं असतं. द्या म्हटल्यावर जे होईल ते त्यांचं."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. तिनं ते अठ्ठावीस वर्षांत कुणाला सांगितलं नसावं, तरी शब्द शोधावे लागले नाहीत. मी तिच्या हातांकडे पाहिलं. ह्या हातांना किती मुलांच्या शिरा सापडल्या असतील, ज्या डॉक्टरांना सापडत नव्हत्या. खैतानच्या खोलीत येणाऱ्या बायका म्हणायच्या, श्यामला सिस्टरनं सुई घातली तर पोर रडत नाही.

"दुसऱ्या दिवशी लातूरला नेलंच की," ती म्हणाली. "पाच दिवस इंजेक्शनं दिली. जगलीस."

"इंजेक्शननं."

"असेल. सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, डागानं गुण आला." आणि मग, मांजराकडे बघत, "मला काय ठाऊक, अंतू. कशानं का असेना."

एकच नमुना, दोन उपचार, तुलनेला काहीच नाही. अशा प्रयोगाचा निष्कर्ष मी विद्यार्थ्याच्या वहीत पाहिला असता तर लाल रेघ मारली असती. पण घरात ह्यालाच पुरावा म्हणतात, कारण नमुना चालतो-बोलतो आणि त्याला एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळतो. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तोंडात फक्त पितळेच्या भांड्यात राहिलेल्या ताकासारखी चव आली. वीणाचं पोट भरलं होतं, ती झोपेत ओठ हलवत होती. झबलं वर सरकलं होतं. तिचं पोट श्वासाबरोबर वरखाली होत होतं, बेंबी अजून थोडी बाहेर आलेली, आणि भोवती काहीही नाही. इतकी मोकळी कातडी मी कधी पाहिली नव्हती असं मला वाटलं, म्हणजे रोज आंघोळ घालताना पाहिली होती, पण मोकळी म्हणून नाही.

"ती बाई आहे अजून?" मी विचारलं.

"मेली की कधीच." आई म्हणाली. "सून करते आता."

मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती दचकली. "अगं, मी हाय ना तिथं! मी करू देईन का? मी काय आडाणी हाय?"

"तेव्हाही नव्हतीस."

हे मी बोलायला नको होतं, किंवा फार आधी बोलायला हवं होतं. आई उठली, साडीवरची धूळ झटकली. धूळ नव्हती. "तुला नको वाटत असेल तर तसं सांग," ती म्हणाली. "तिकीट रद्द कर तिचं. मी एकटी जाते. आत्ता सांग पण, गुरुवारी नको." तिचा आवाज कापला नाही. उलट त्यात सुटकेची एक छटा होती, निदान मला तशी ऐकू आली. दोन-अडीच वर्षं दुसऱ्याचं लेकरू जिवंत ठेवायचं काम तिच्याही अंगावर येत असेल. वॉर्डात निदान आठ तासांनी दुसरी येते.

तेवढ्यात सलील बाहेर आला. "सागवान! मलबारवरून यायचं," तो म्हणाला. "चला, बोटीची वेळ झाली. काय झालं?"

"काही नाही," आम्ही दोघी म्हणालो.

बोटीवर मी त्याला सांगितलं. इंजिनच्या आवाजात मला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्यापेक्षा कमी भयंकर वाटलं. तो म्हणाला, "पण त्या आता स्वतः असतील ना तिथे. तुझ्या वेळी त्या इथे होत्या." हे तर्काला धरून होतं. "आणि अगं, दुसरं काय करणार आहोत आपण? तू सोडणार आहेस का?" हेही तर्काला धरून होतं. पाच वर्षं शिकून, दोन परीक्षा देऊन, तीन महिने कागदांवर शिक्के मिळवत फिरून मला ती खुर्ची मिळाली होती. मी सोडणार आहे का? मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं आणि उत्तर इतक्या लवकर आलं की असमाला उत्तर देणारी आई मला आठवली. समोर आई वीणाला घेऊन बसली होती, वाऱ्याकडे पाठ करून, पदराचा आडोसा धरून. तिनं माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. काय ठरलं? मी हातानं खूण केली, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे हो.

गुरुवारी दुपारी विमानतळावर गर्दी होती. बॅगा गेल्या, सलील पार्किंगची पावती शोधत होता, आणि आई वीणाला खांद्यावर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, दोन्ही पाय जुळवून, मान किंचित तिरकी. ही तिची उभं राहायची पद्धत मी लहानपणी तिच्या हॉस्पिटलच्या दारात पाहिली आहे. ड्यूटी संपताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक पेशंटबद्दल सांगते, येणारी ते तसंच परत म्हणते, आणि तिथून पुढं पेशंट तिचा. ह्याला त्या ओव्हर देणं म्हणतात. ओव्हर घेतल्यावर मागच्या पाळीत काय चुकलं हे विचारता येतं, पण पुढच्या पाळीत जे होईल त्याला जाणारी बांधील नसते.

"दर तीन तासांनी," मी म्हणाले.

"दर तीन तासांनी," आई म्हणाली.

"पाणी वीस मिनिटं उकळून. ढेकर काढल्याशिवाय आडवी करायची नाही."

"ढेकर काढल्याशिवाय नाही."

"उजव्या मांडीला लस दिली आहे, तिथं गाठ आहे थोडी. शेकायची नाही."

"शेकायची नाही." आईच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण तिनं वाक्य पूर्ण केलं.

"सर्दी झाली तर श्वास मोजायचा. झोपेत. पूर्ण एक मिनिट. पन्नासच्या वर गेला की गाडी करून लातूर. बाबांना विचारायचं नाही, शेजारीपाजारी कुणाला विचारायचं नाही." मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते बोलले. "मलाही नाही."

"तुला फोन नको करू?"

"नंतर कर. पोचल्यावर. ॲडमिट झाल्यावर."

आईनं हे परत म्हटलं नाही. तिच्या खांद्यावर वीणा माझ्याकडे पाठ करून होती, मानेवरचे केस घामानं चिकटलेले. मागून कुणीतरी ट्रॉली ढकलत आलं आणि आम्ही दोघी एक-एक पाऊल मागे सरलो.

"ओव्हर द्यायला शिकलीस," आई म्हणाली.

मग तिनं पदर खोचला, पासपोर्ट दातांत धरून पर्स बंद केली आणि आत गेली. काचेपलीकडे ती रांगेत उभी राहिली तेव्हा एका अनोळखी बाईनं वीणाच्या गालाला हात लावला आणि आईनं तिला काहीतरी सांगितलं. बहुतेक नाव. सलील म्हणाला, "हात कर ना." मी हात केला. ह्या बाजूनं काच आरशासारखी होती, त्यांना मी दिसत होते की नाही ते मला ठाऊक नाही. रात्री आईचा मेसेज आला, पोचलो, दूध प्याली, झोपली.

रविवारी मी नेहमीच्या वेळेला लॅबमध्ये गेले. मुलींनी केक आणला होता. कुणीतरी विचारलं, बाळ कुठं आहे, आणि मी फोनचा पडदा दाखवला. सगळ्या म्हणाल्या, किती गोड. साडेदहाला नमुने मशीनमध्ये लावून झाल्यावर ब्लाउजच्या पुढच्या बाजूला दोन ओले गोल दिसायला लागले, तेव्हा मी पांढरा कोट बंद केला, मोजपात्रांच्या फळीवरून एक नवं, न वापरलेलं, अडीचशे मिलिलिटरचं सिलिंडर घेतलं, त्यावर एक फनेल ठेवलं आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन कडी लावली. पंचवीस मिनिटं लागली. सिलिंडर सपाट जागेवर ठेवलं, फेस खाली बसू दिला, वाकून डोळे पातळीला आणले आणि दुधाच्या खालच्या वक्राशी आकडा वाचला. दोन्हीकडचं मिळून एकशे अठ्ठावीस मिलिलिटर.